उष्टावण

कुणाकडून उष्टावणाचं बोलावणं आलं, की मी आहेर पाठवते आणि स्वतः जायचं टाळते. घरचे चिडवतात. तुला बारसं चालतं, डोहाळजेवण चालतं, मग उष्टावणानंच तुझं काय घोडं मारलंय? मी गुडघ्याचं कारण पुढे करते. खरं कारण गायधनी मॅडम. खिरीचा चमचा बाळाच्या ओठांशी गेला की मला त्या आठवतात, आणि नुसत्या आठवून थांबत नाहीत. त्या घोळक्यात कुठेतरी तोंडावर पदर धरून त्या उभ्या आहेत असं वाटायला लागतं. मग मला खीर जात नाही.

नलिनी गायधनी आमच्या नाशिकच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे वनस्पतिशास्त्राची नवी लेक्चरर म्हणून लागले, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली असेल. उंच, सडसडीत, कायम फिकट रंगाची सुती साडी आणि अंगाला लवंगेच्या तेलाचा वास. त्या वासाखाली आणखी एक वास असायचा, आंबट-गोड, दूध नासायच्या बेतात असताना येतो तसा. पहिल्या दिवशी मी नमस्कार करून नाव सांगितलं. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही. तोंडाकडे पाहिलं.

"खालची उजवी दाढ त्रास देते ना?"

देत होती. मी मान हलवली.

"आ करा."

नोकरीचा पहिला दिवस, समोर सीनियर बाई. मी मुकाट्यानं आ केला. त्यांनी पर्समधून छोटी बॅटरी काढली, वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "लहानपणी कुणीतरी आपल्या तोंडातला घास काढून भरवलाय तुम्हाला. फार जीव होता त्या माणसाचा तुमच्यावर."

माझी मोठी मावशी भाकरीचा तुकडा चावून मऊ करायची आणि माझ्या तोंडात घालायची. ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट मी कॉलेजात कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. बॅटरी बंद झाली तरी मी तोंड मिटायला विसरले होते.

माणसं त्यांना तोंडावरून ओळखू यायची. बसचा कंडक्टर, पंचवटीतली भाजीवाली, कॉलेजचा ट्रस्टी, सगळ्यांशी त्या तोंडाकडे बघूनच बोलायच्या. समोरच्याला वाटायचं, आपल्या दातांत काही अडकलंय की काय. आमचे प्राचार्य तर त्यांच्याशी बोलताना ओठ शक्य तितके कमी उघडायचे, त्यामुळे मॅडमच्या रजेचे अर्ज ताबडतोब मंजूर व्हायचे, अशी स्टाफरूममधली चेष्टा होती.

त्यांच्या सवयी विचित्र होत्या, पण एका माळेत बसणाऱ्या होत्या. कुणाच्या डब्यातलं खायचं नाही, आपल्या डब्यातलं कुणाला द्यायचं नाही. चिवड्याची बशी फिरायला लागली की कुणाचा हात लागायच्या आत आपला वाटा कागदावर काढून घ्यायच्या. चहावर फुंकर मारायची नाही, तो आपोआप निवेपर्यंत बसून राहायचं. हसू आलं तर पदर आधी तोंडावर जायचा. कुणाच्या वाढदिवसाला केकवरच्या मेणबत्त्या फुंकल्या गेल्या की मॅडम तिथून नाहीशा झालेल्या असायच्या. आणि दातांवर एवढं काम करणाऱ्या या बाईचे स्वतःचे दात मात्र बघवत नसत. काळपट, कडेनं झिजलेले, काही तर नुसते खुंट. मी एकदा म्हटलं, "मॅडम, डॉक्टरकडे का जात नाही?" त्या म्हणाल्या, "वेळ कुठे मिळतो," आणि विषय बदलला.

दात किडवणाऱ्या जंतूवर त्या तासन्तास शिकवायच्या. त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव वर्षाच्या सुरुवातीला एकदा फळ्यावर लिहायच्या. पुढे वर्षभर तो नुसता 'हा'. "हा जन्माबरोबर येत नाही. दात आले की येतो आणि दात गेले की जातो. तान्ह्या बाळाच्या तोंडात हा नसतो, बोळक्या म्हाताऱ्याच्या तोंडातही नसतो. याला दाताचं घर लागतं." मग जरा थांबून, "आणि येतो कुठून? माणसाकडून माणसाकडे. बहुतेक वेळा आईकडून." दर वर्षी या वाक्यानंतर त्या खडू ठेवून व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायच्या. मुलांना वाटायचं, मॅडमना ठसका लागलाय.

त्यांना माझी गरज होती ती झाडांसाठी. कुठल्या झाडाच्या अर्कानं 'हा' मरतो, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. मी साली, मुळं, पानं ओळखून आणायची. त्या वाळवायच्या, कुटायच्या, अल्कोहोलमध्ये भिजत घालायच्या, गाळून आटवायच्या. मग काचेच्या पसरट बशीत खाद्याचा थर, त्यावर जंतू सारवलेले, आणि मधोमध अर्कात बुडवलेली कागदाची चकती. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल जागा राहिली असेल तर अर्क लागू पडला. त्या मोकळ्या जागेला मॅडम 'अंगण' म्हणायच्या. "कडुनिंबाचं अंगण केवढं पडलं?" "खैराचं बरं आहे, पण लवकर भरतं." पुढे आमच्या विद्यार्थ्यांनाही तोच शब्द लागला, आणि परीक्षेत 'अंगण' लिहून आलेल्या पोरांना बाहेरच्या परीक्षकानं शून्य दिलं, तेव्हा मॅडम परीक्षकाशी भांडल्या होत्या.

झाडांसाठी आम्ही त्र्यंबकचे डोंगर फिरलो, जीपला लोंबकळून सुरगाण्यापर्यंत गेलो. मी झाडाकडे बघायची, त्या माणसांच्या तोंडाकडे. एका पाड्यावर ओट्यावर बसलेल्या म्हातारीला त्यांनी आ करायला लावलं. म्हातारी आधी लाजली, मग खदखदून हसली. "तोंडात काय हेरतीस गं बाय? जीव तं खाली रहतो!" आणि छातीवर हात ठेवून दाखवला.

मॅडम हसल्या नाहीत. "सगळ्यांचाच तिथे नाही राहत," म्हणाल्या आणि कापसाची काडी तिच्या दातांवरून फिरवून नळीत टाकली.

अशा नळ्या त्यांच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाइतकी ऊब राखणाऱ्या कपाटात, रांगेनं उभ्या असायच्या. ज्याच्या तोंडातला जंतू, त्याचं नाव नळीवर. 'कंडक्टर', 'भाजीवाली', 'सुरगाणा म्हातारी', एक 'प्राचार्य'सुद्धा होता. फक्त वरच्या कप्प्यातल्या नळ्यांच्या गळ्यात काळा दोरा होता, तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसा. त्यांच्यावर लिहिलं होतं, 'शिरू'.

नळीतलं खाद्य संपत आलं की जंतू नव्या नळीत घालावा लागतो, नाहीतर मरतो. बाकीच्या नळ्यांचं हे काम विद्यार्थी करायचे. शिरूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "आज याची कूस बदलायची आहे," असं म्हणून मॅडम सगळ्यांना बाहेर काढायच्या. तारेचं टोक ज्योतीवर लाल करायचं, निवू द्यायचं, नळीचं कापसाचं बूच काढायचं आणि आत वाकून विचारायचं, "उठलास का?" एवढं दाराबाहेर ऐकू यायचं. ठरावीक सणावारी त्याला साखरेचं खाद्य मिळायचं. त्याचं नाव 'खाऊ'. साखर मिळाली की तो काचेला पांढरा, खरखरीत थर करून चिकटायचा आणि नळी उलटी केली तरी सुटायचा नाही. "बघा, कसा धरून बसलाय," मॅडम नळी उजेडात धरून म्हणायच्या. त्यांच्या आवाजात कौतुक असायचं.

प्रयोगशाळेचे शिपाई रामभाऊ चांदवडकडचे. धिप्पाड गडी, पण त्या कपाटाला पाठ दाखवायचा नाही. झाडू मारतानाही तोंड तिकडेच. मला म्हणाले, "मॅडम, त्या कपाटात कोनीतरी हाय बगा. मी दार उगडलं का आतून कोनी बगितल्यागत व्हतं."

"थर्मामीटर असेल," मी म्हटलं. तेव्हा मी फार शहाणी होते.

मग एका हिवाळ्यात, नाशिकची थंडी हाडांत शिरलेली असताना, भर दुपारी वीज गेली ती येईचना. मी मागच्या व्हरांड्यात गेले. मॅडम पायरीवर उन्हात पाठमोऱ्या बसल्या होत्या. पदर पुढून घट्ट ओढून घेतलेला, एक हात पदराखाली छातीशी, आणि त्या हलकेच मागेपुढे झुलत होत्या. माझ्या मनात जे आलं त्याची मलाच लाज वाटली. बाळ पाजणाऱ्या बाईसमोरून आपण वळतो, तशी मी वळणार होते.

"या ना," त्या मागे न बघता म्हणाल्या. "गार पडला की मलूल होतो हो."

पदराखाली काळ्या दोऱ्याची नळी होती.

"कुणाचा आहे हा, मॅडम?"

"माझ्या शिरूचा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झुलायला लागल्या.

बाकीचं रामभाऊंनी सांगितलं. शिरीष हा मॅडमचा एकुलता एक मुलगा, शाळेत जायला लागला होता. दाढ किडली, पू झाला, गाल सुजला, सूज डोळ्याकडे चढली आणि तिथून डोक्यात. दवाखान्यात नेईपर्यंत पोर बोलायचं थांबलं होतं. मिस्टरांनी नंतर नागपूरला बदली मागून घेतली आणि ते परत आले नाहीत. मुलगा जायच्या थोडं आधी, वर्गाच्या प्रात्यक्षिकाला नमुना हवा म्हणून मॅडमनी घरच्या घरी त्याच्या दातांवरून कापूस फिरवून घेतला होता. मुलगा गेला. नळीतला राहिला.

त्या दिवसापासून मला त्या खोलीत जायची भीती वाटायला लागली, आणि मॅडमची इतकी कीव यायची की भीती वाटते म्हणून स्वतःचाच राग यायचा. तरी मी साली आणत राहिले.

माझ्या मुक्ताचं उष्टावण झालं तेव्हा मी स्टाफला बोलावलं होतं. मॅडम येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या, चांदीचा चमचा घेऊन. मुक्ता माझ्या भावाच्या मांडीवर. मी वाटीतली खीर त्याच चमच्यात घेतली आणि गरम तर नाही ना म्हणून ओठांना लावायला गेले. पुढच्या क्षणी माझं मनगट कुणीतरी असं धरलं, की खीर मुक्ताच्या झबल्यावर सांडली.

"उष्टं नको!"

मुक्ता रडायच्या आधी श्वास कोंडून बसली होती. माझ्या सासूबाई काही वाईट हेतूनं नाही, पण म्हणाल्या, "अहो, आज उष्टावणच आहे ना?"

मॅडमनी माझा हात सोडला. "खरंच की," म्हणाल्या. "नावच ठेवलंय आपण." आणि गॅलरीत निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. मला राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून तो राहिला नाही. त्या रस्त्याकडे बघत, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलत होत्या. "शिरूला मी एकही घास ओठाला लावल्याशिवाय दिला नाही. पोळेल म्हणून. माझ्या दातांत होता, तो त्याच्या दातांत गेला. बाहेरून कुणी आणला नाही. पुढे आत आणखी कोण कोण शिरलं असेल, पण दार यानं उघडलं. हे सगळं मी वर्गात शिकवायचे, आणि घरी जाऊन तेच करायचे." मग त्यांनी माझ्याकडे, पहिल्यांदाच, डोळ्यांत पाहिलं. "आणि आता त्याच्या अंगातलं जिवंत असं हेच उरलंय. फोटो काय, कपडे काय, केससुद्धा मेलेलेच असतात. सांगा, मी काय करू याचं?"

ज्याला मारायचं औषध ही बाई शोधत होती, त्यालाच पदराखाली ऊब देऊन जगवत होती, आणि दोन्ही तितक्याच जिवापाड.

औषध सापडलं ते डोंगरात नाही, कॉलेजच्या फाटकाशी. तिथे बकुळीचं जुनं झाड होतं. मुली फुलं वेचायच्या आणि आम्ही दोघी त्याखालून रोज ये-जा करायचो. एकदा सहज मी तिची साल खरवडून दिली. दुसऱ्या दिवशी 'कंडक्टर'च्या बशीत अंगण, 'भाजीवाली'च्या बशीत अंगण, 'प्राचार्य' तर जवळजवळ साफ. पुन्हा करून पाहिलं, तेच. विभागात पेढे वाटले. फक्त शिरूवर कुणी अर्क घातला नव्हता, आणि सगळ्यांत दांडगा जंतू तोच, हे सगळ्यांना माहीत होतं. तो मरत नसेल तर बाकीच्याला अर्थ नव्हता. नळीतला काही जाणार नव्हता, बशीवर पसरलेला तेवढा मरणार होता. तरी मॅडम रोज "उद्या" म्हणायच्या.

एक दिवस त्या नवी साडी नेसून आल्या, खोलीचं दार लावून घेतलं आणि ते काम केलं. दुसऱ्या दिवशी मात्र इन्क्युबेटर उघडेनात. "तुम्ही बघा," मला म्हणाल्या. स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी बशी बाहेर काढली. सगळीकडे दाट पांढरे ठिपके, आणि मधोमध काचेसारखी स्वच्छ गोल जागा.

"केवढं पडलं?"

"मोठं आहे, मॅडम. सगळ्यांत मोठं."

"आत एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या, मला मागून कळलं नाही. बऱ्याच वेळानं कपाटापाशी गेल्या आणि दोऱ्याच्या नळीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "तू नाही हं. तो वेगळा होता."

बकुळीच्या सालीची पूड त्यांनी सुरगाण्याच्या बाजूच्या शाळांतल्या पोरांना वाटली, स्टाफला वाटली, भाजीवालीला दिली. मी आजही तीच वापरते. त्यांनी स्वतः कधी वापरली नाही. "मला मिठाचं पाणी पुरतं," म्हणायच्या. एवढी हट्टी बाई, मी मनात म्हणायची.

मग भाद्रपदातला पितृपक्ष आला. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी रामभाऊ मॅडमच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. अंघोळ केलेली, कपाळाला गंध. मीही तिथेच होते.

"मॅडम, पोराला सोडवलं म्या. लय वर्सं आडकून पडलं व्हतं. काल रामकुंडावर नेऊन रीतसर केलं. तीळ, तांदूळ, गुरुजी, समदं. पान्यात सोडून दिलं."

मी वरच्या कप्प्याकडे पाहिलं. तो रिकामा होता. एकही काळा दोरा नव्हता. रामभाऊंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माणसानं वर्षानुवर्षं ज्या कपाटाची भीती घेतली, त्यातल्या जिवासाठी त्यानं आपल्या बापासाठी करावं ते केलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावातल्या प्रयोगशाळेत ही चूक झाली नसती.

मॅडम ओरडतील, कोसळतील, असं मला वाटलं. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बूच काढून सोडलंस, की तसंच?"

"काढून. नायतर भायेर कसं पडंल?"

"बरं केलंस," मॅडम म्हणाल्या. "गुदमरला असता."

दुपारी त्या मला घेऊन रामकुंडावर गेल्या. कुणी डोकं भादरून घेत होतं, कुणी मडक्यातल्या अस्थी सोडत होतं. मॅडम साडी खोचून पायरीवर उतरल्या आणि निर्जंतुक केलेली बाटली पाण्यात बुडवली. शेजारच्या गुरुजींनी विचारलं, "कोण गेलं, बाई?" त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. पुढे कित्येक आठवडे त्या पाण्याच्या बशांवर बशा घालत होत्या. अख्खं नाशिक त्या बशांवर उगवलं, तो उगवला नाही.

नंतर एकदा मी प्रयोगशाळेत डोकावले, तर मॅडम बेसिनवरच्या आरशासमोर उभ्या. तोंड पूर्ण उघडलेलं, आणि त्या कापसाची काडी स्वतःच्या दाढेच्या खड्ड्यात गोल फिरवत होत्या. आरशातून मला पाहिलं, पण थांबल्या नाहीत. पुढे बशीवर जे आलं ते त्यांनी मला बोलावून दाखवलं. तेच दाणे, तीच पिठीसाखरेसारखी चमक, तोच खरखरीत थर.

"हुबेहूब," मी म्हटलं.

"असणारच. माझ्यातलाच तर दिला होता."

मला वाटलं, आता काळा दोरा निघेल. त्याऐवजी त्यांनी ती बशी जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात टाकून झाकण घट्ट लावलं. "आता बाटलीत नाही ठेवायचा," म्हणाल्या. "बाटलीतला कुणीही उचलून नेतं." आणि आपल्या गालावर बाहेरून, हलकेच दोनदा थोपटलं.

माझा धाकटा झाला तोवर मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. त्याच्या उष्टावणाला त्या आल्या आणि स्वतःहून म्हणाल्या, "मी भरवू का?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं तरी कसं? धाकट्याला त्यांनी मांडीवर घेतलं, खिरीचा चमचा भरला. आणि ज्या बाईनं जन्मात चहावर फुंकर मारली नाही, तिनं तो चमचा आपल्या ओठांपाशी नेला.

घरात गडबड चालू होती. कुणाचं लक्ष नव्हतं. चमचा त्यांच्या खालच्या ओठाला टेकला आणि तिथेच राहिला. बाळानं वासरासारखं तोंड पुढे केलं, उघडलं. मॅडम त्या तोंडात बघत होत्या. खाली दोन दात नुकतेच वर आले होते, पांढरे शुभ्र. मला दिसत होतं की त्या दोन घरं बघताहेत, नवी, रिकामी, आणि साठ-सत्तर वर्षं टिकतील अशी आणखी घरं त्यांच्या मागून यायची आहेत.

"वेडा कुठला," त्या पुटपुटल्या. बाळाला म्हणाल्या नाहीत, एवढं मला नक्की कळलं. चमच्यातली खीर त्यांनी स्वतः गिळून टाकली, चमचा बाजूला ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "दुसरा द्या. धुतलेला."

त्या धुतलेल्या चमच्यानं त्यांनी धाकट्याला भरवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवायला त्या थांबल्या नाहीत. दारात मला म्हणाल्या, "दोन आलेत. जपा," आणि पुन्हा आमच्या घरी कधी आल्या नाहीत.

शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही वर्षांनी. गंगापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटवर मी संध्याकाळी गेले होते. दार उघडलं तेव्हा क्षणभर मी ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, तोंडाचं बोळकं, आणि डावी बाजू मात्र डोळ्याखालपर्यंत सुजून तकतकीत झालेली. तोंडात वरची एक दाढ तेवढी उरली होती, काळी. ती काढावीच लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मॅडम त्यांच्याकडे परत गेल्या नव्हत्या.

"मॅडम, सूज डोळ्याकडे चढलीय. शिरूचं असंच..."

"मला सांगता?" त्या शांतपणे म्हणाल्या.

"मग काढून टाका ना ती. एका दाढेचं काय एवढं?"

"एकच आहे म्हणून तर." त्यांनी माझ्याकडे, नेहमीसारखं, तोंडाकडे पाहिलं. "मी वर्गात काय सांगायचे?"

मी कधी त्यांच्या वर्गात बसले नव्हते, पण व्हरांड्यातून दर वर्षी ऐकलं होतं. दात आले की येतो, दात गेले की जातो.

"एवढंच घर राहिलंय त्याचं," मॅडम म्हणाल्या.

मी रागावले, रडले, हात धरले. उद्या सकाळी रिक्षा घेऊन येते आणि तुम्हाला उचलून नेते, म्हटलं. "या की," त्या म्हणाल्या, पाहुण्याला म्हणतात तशा. मग टेबलावरची लहान डबी उघडून खडीसाखरेचा एक खडा काढला आणि तोंडात डाव्या बाजूला सारला. वेदनेनं त्यांचे डोळे मिटले, पण चेहरा काही वाकडा झाला नाही.

मी बाहेर आले. दार लागलं. जिन्यात वाकून चपलेचा पट्टा लावत होते, तेव्हा आत खडा दाढेवर घासल्याचा बारीक आवाज आला. आणि मग, साखरेमुळे जरा बोबडा झालेला, त्यांचा आवाज.

"उठलास का?"

आत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. मी पट्टा हातात धरून तशीच थांबले. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग, पलीकडून उत्तर आल्यावर म्हणतात तसं, त्या म्हणाल्या, "बरं. खाऊ संपला की झोप मग."